खिशातले पिस्तूल

शस्त्र बाळगणे ही एक गोष्ट आहे आणि शस्त्र लपवून बाळगणे ही अगदी निराळी. कमरेला लटकणारी तलवार लढण्यासाठी तर असेच, पण ती लोकांच्या दृष्टीस पडावी हाही तिचा एक हेतू असे. ती धारण करणाराचा दर्जा सांगे, त्याच्या वाटेस जाऊ नये हे बजावी, आणि पुष्कळदा एवढ्यानेच तिचे काम होऊन जाई. अस्तनीतला बिचवा मात्र कोणालाही काही सांगत नाही. तो असल्याचे ज्या क्षणी कळते त्याच क्षणी त्याचा वापर होत असतो. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी जी भेट झाली, तिच्या हकिकतीत वाघनखे आणि बिचवा यांना जे स्थान मिळाले आहे ते याच कारणाने. उघड्या शस्त्रांविषयी दोन्ही पक्षांनी आधी बोलणी करून ठेविली होती; निर्णय झाला तो न दिसणाऱ्या शस्त्राने.

पोलादी पात्याला लपून बसणे पहिल्यापासूनच साधले होते. बंदुकीला मात्र ते फार उशिरा साधले, आणि त्याचे कारण अगदी साधे होते. जुन्या तोड्याच्या बंदुकीस जळती जामगी लागे. धुमसणारा, वास येणारा, अंधारात लालसर चमकणारा दोर अंगरख्याखाली दडवून चालणारा मनुष्य शत्रूपेक्षा स्वतःलाच अधिक धोक्यात घालणार. सोळाव्या शतकाच्या आरंभी युरोपात चाकाची कळ निघाली. घड्याळासारखी कमान किल्लीने आवळून ठेवावयाची. चाप ओढला की खरखरीत कडेचे पोलादी चाक गरकन् फिरे, लोहमाक्षिकाच्या खड्यावर घासे, आणि ठिणग्या रंजकेत पडत. आता बंदूक भरून, आवळून, खिशात घालून चालता येऊ लागले. यंत्र महाग होते, नाजूक होते, घड्याळजीच्याच हातून दुरुस्त होणारे होते. तरीही राज्यकर्त्यांना त्यातला धोका ताबडतोब कळला. सम्राट माक्सिमिलियन पहिला याने १५१७ च्या सुमारासच आपल्या मुलखात अशा आपोआप पेटणाऱ्या हत्यारांना बंदी केली. इंग्लंडात आठव्या हेन्रीच्या १५४१ च्या कायद्याने एक वार लांबीहून आखूड बंदूक बाळगणे गुन्हा ठरविले. कायद्याची भाषा मोठी बोलकी आहे. बंदूक वाईट असे तो म्हणत नाही. आखूड बंदूक वाईट असे म्हणतो.

ही भीती निराधार नव्हती, हे १० जुलै १५८४ रोजी डेल्फ्ट येथे दिसले. डच स्वातंत्र्याचा पुढारी ऑरेंजचा विल्यम जेवण आटोपून जिन्याकडे निघाला असता बाल्थझार जेरार नावाच्या इसमाने त्याला जवळून गोळ्या घातल्या. जेरारने आपण अगदी गरीब असल्याचे सोंग केले होते, कपड्यापादत्राणांसाठी म्हणून विल्यमकडूनच त्याला पैसे मिळाले होते, आणि त्या पैशांतूनच त्याने पहारेकऱ्यांपैकी एकाकडून पिस्तुले विकत घेतली, असे त्या प्रसंगाचे वृत्त आहे.

चाकाच्या कळीमागून चकमकीची कळ आली. ती स्वस्त होती, सोपी होती. अठराव्या शतकातील इंग्रज प्रवासी घोडागाडीत बसताना ओव्हरकोटाच्या खिशात एक आखूड पिस्तूल ठेवी. श्रीमंत स्त्रिया हात ऊबदार राहावेत म्हणून केसाळ कातड्याची जी नळी वापरीत, तिच्यात मावेल इतके लहान पिस्तूलही कारागीर घडवू लागले. त्यांपैकी काहींचा चाप मिटलेला राही. घोडा मागे ओढला की तो खाली उतरे, म्हणजे खिशात अडकावयास काही उरत नसे. परंतु रंजक अद्याप उघड्या कानावर होती. ती खिशात सांडे, दमट हवेत भिजे. पिस्तूल काढावे, चाप ओढावा, आणि नुसती कट् अशी पोकळ चाहूल यावी, हा अनुभव त्या काळी दुर्मिळ नव्हता. यावर उपाय काढला तो एका पाद्र्याने. स्कॉटलंडचे अलेक्झांडर फोर्साइथ यांना पाणपक्ष्यांच्या शिकारीचा नाद होता. रंजकेचा भडका दिसताच पक्षी उडून जात, म्हणून ते खटपटीस लागले, आणि आघाताने फुटणाऱ्या दारूचे पेटंट त्यांनी १८०७ साली घेतले. पुढे त्यातूनच तांब्याची टोपी निघाली. बदकांना फसविण्याकरिता काढलेल्या या युक्तीने खिशातले पिस्तूल खऱ्या अर्थाने भरवशाचे केले.

येथून पुढे ज्या प्रश्नाने माणसाला सतावले तो आजतागायत सुटलेला नाही. हत्यार नेहमी जवळ राहावे यासाठी ते लहान आणि हलके हवे. पण उपयोगी पडावे यासाठी त्यात जोर हवा. खिशात ते आपण होऊन सुटता कामा नये. हवे त्या क्षणी मात्र विनाविलंब सुटले पाहिजे. या मागण्या एकमेकींच्या वैरिणी आहेत. एकीचे ऐकावे तर दुसरी रुसते. गेल्या दोनशे वर्षांत जी जी पिस्तुले निघाली, ती सर्व या भांडणातले कोणते ना कोणते तडजोडीचे कलम होत.

फिलाडेल्फियाचे हेन्री डेरिंजर यांनी केलेली तडजोड सर्वांत धीट होती. त्यांचे पिस्तूल एकाच गोळीचे. परंतु गोळी तब्बल.४४ इंचाच्या आसपास, आणि सबंध हत्याराची लांबी पाच-सहा इंच. नेम दहा हातांपलीकडे धरू नये. त्याची कल्पनाच मुळी टेबलाच्या या बाजूपासून त्या बाजूपर्यंतची होती. जुगारी, व्यापारी, कॅलिफोर्नियात सोन्याच्या शोधार्थ गेलेले लोक यांनी ती जोडीजोडीने खरेदी केली. मागणी एवढी वाढली की नकला करणारांचे पेव फुटले. एका बहाद्दराने तर डेरिंजर आडनावाचा शिंपी शोधून काढून त्याला नावापुरता आपल्या धंद्यात घेतला, म्हणजे पिस्तुलावर ते नाव कोरावयास मोकळीक, असे सांगतात. हेन्री डेरिंजर कोर्टात गेले आणि कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १८६५ साली त्यांच्या बाजूने निकाल दिला; व्यापारचिन्हाच्या कायद्यात तो खटला आजही परिचित आहे. त्याच वर्षी १४ एप्रिलच्या रात्री वॉशिंग्टनच्या फोर्ड नाट्यगृहात जॉन विल्क्स बूथने अध्यक्ष लिंकन यांच्या डोक्यामागून डेरिंजर झाडले. गोळी एकच होती. म्हणूनच त्याने दुसऱ्या हातासाठी सुरा आणला होता, आणि लिंकन यांच्या शेजारी बसलेला मेजर रॅथबोन धावून आला तेव्हा त्याच्यावर तो चालविला. ते पिस्तूल आता त्याच नाट्यगृहाच्या संग्रहालयात आहे. तळहातावर मावेल एवढे. डेरिंजर यांचे नाव मात्र एक जादा 'र' लागून सामान्यनाम बनले, आणि कोणाही कारखान्याच्या आखूड पिस्तुलास लोक डेरिंजर म्हणू लागले. रेमिंग्टन कंपनीने एकावर एक अशा दोन नळ्यांचे जे 'डेरिंजर' १८६६ मध्ये काढले ते १९३५ पर्यंत तयार होत होते. त्याची गोळी जाडजूड पण मंद; सेकंदाला जेमतेम सव्वाचारशे फूट. तरीही सत्तर वर्षे ते खपले, यावरून खरेदी करणाराच्या मनात बळापेक्षा जवळ असणे किती मोठे असते याचा अंदाज येतो.

एक गोळी पुरणार नाही असे ज्यांना वाटे त्यांच्यासाठी सॅम्युएल कोल्ट यांनी फिरत्या कोठ्यांचे रिव्हॉल्व्हर आणले होतेच. त्यांच्या १८४९ च्या खिशातल्या नमुन्याचे माप अवघे .३१, तरी त्यांच्या टोपीच्या रिव्हॉल्व्हरांत सर्वांत अधिक खप त्याचाच झाला. तीन लाखांहून अधिक नग! सैनिकांकरिता केलेली त्यांची भक्कम हत्यारे प्रसिद्धीस आली. पैसा या छोट्याने मिळविला. १८५७ मध्ये स्मिथ आणि वेसन यांनी तयार काडतुसाचे सात गोळ्यांचे .२२ मापाचे रिव्हॉल्व्हर विक्रीस आणले आणि दारू, गोळी, टोपी वेगवेगळी भरण्याची कटकट संपविली. इंग्लंडात वेब्ली यांचे आखूड, जाड्या गोळीचे 'बुलडॉग' १८७२ पासून निघू लागले आणि त्याच्या नकला साऱ्या जगात पसरल्या. २ जुलै १८८१ रोजी अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली गेली ती याच जातीच्या रिव्हॉल्व्हरातून.

या सर्व काळात अमेरिकेचा कायदा काय म्हणत होता हे पाहण्यासारखे आहे, कारण आजच्या कल्पनांच्या तो बरोबर उलट आहे. केंटकी आणि लुइझियाना या राज्यांनी १८१३ मध्येच छुप्या शस्त्रांविरुद्ध कायदे केले. केंटकीच्या कायद्यात खिशातले पिस्तूल, खंजीर, मोठा सुरा आणि गुप्तीची काठी यांची नावे आहेत. सूट फक्त प्रवाशाला. उघडपणे कमरेला पिस्तूल लावून हिंडणाराला कोणी काही म्हणत नसे. सभ्य गृहस्थ शस्त्र दाखवून बाळगतो आणि दगलबाज ते लपवितो, असा त्या समाजाचा विश्वास होता. १८४६ साली जॉर्जियाच्या न्यायालयाने हीच रेषा आखली: लपविण्यास बंदी घालता येते, उघड बाळगण्यास नाही. आज शहरातल्या माणसाला उघडे पिस्तूलच अधिक दचकविते. आणि तेच कोटाखाली असले तर त्याला सभ्यपणा वाटतो.

खिशात शस्त्र ठेवणारे दुसऱ्याच्या आधी स्वतःला जायबंदी करीत, ही या इतिहासातली एक कमी सांगितली जाणारी बाजू आहे. जुन्या रिव्हॉल्व्हराचा घोडा थेट काडतुसावर टेकलेला असे. ते जमिनीवर पडले, खुर्चीवर आदळले, की बार व्हावा. म्हणून अनुभवी माणसे एक कोठी रिकामी ठेवून त्यावर घोडा उतरवीत. म्हणजे पैसे द्यावयाचे पाच गोळ्यांचे आणि विसंबावयाचे चारांवर. १८८७ साली स्मिथ आणि वेसन कंपनीने घोडा पूर्णपणे आत झाकलेले रिव्हॉल्व्हर काढले. त्याच्या मुठीच्या पाठीमागे एक पट्टी असे. मूठ घट्ट आवळल्याखेरीज चाप हलेचना. लहान मुलाच्या हाती पडले तरी अनर्थ होऊ नये अशी ती योजना होती, आणि लिंबू पिळण्याच्या त्या क्रियेवरून लोकांनी त्याला 'लिंबूपिळणी' हे नाव दिले. पुढे आयव्हर जॉन्सन कंपनीने घोड्यावर हातोडी मारली तरी बार होणार नाही अशी रचना केली आणि तीच जाहिरातीचे वाक्य केली. सुरक्षित आणि स्वस्त असे हे हत्यार कोणीही घ्यावे. लिऑन चोल्गोझने साडेचार डॉलरला ते घेतले, हातरुमालात गुंडाळले, आणि ६ सप्टेंबर १९०१ रोजी बफलोच्या प्रदर्शनात हस्तांदोलनासाठी रांगेत उभ्या असलेल्या लोकांत तो सामील झाला. अध्यक्ष मॅकिन्ले आठ दिवसांनी वारले. चुकून कोणाला इजा होऊ नये म्हणून जे जे केले, त्याचा जाणूनबुजून इजा करणारालाही तितकाच उपयोग झाला.

या विद्येला आजचे रूप दिले ते जॉन मोझेस ब्राउनिंग यांनी. यूटा संस्थानातील ऑग्डेन गावी १८५५ मध्ये एका बंदूकवाल्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. गोळी सुटताना मागे बसणारा धक्का वाया का दवडावा, हा त्यांच्या साऱ्या शोधांचा गाभा. त्याच धक्क्याने वरचा भाग मागे सरकवावा, रिकामे काडतूस बाहेर फेकावे, आणि परतताना मुठीतल्या पेटीतून नवे काडतूस नळीत बसवावे. स्वयंचलित पिस्तुले याआधीही होती. पण १८९३ चे बोर्खार्ट काय किंवा १८९६ चे माउझर काय, ती खिशात मावणारी नव्हती. बेल्जममध्ये लिएजजवळ एर्स्टाल येथे १८८९ साली सरकारी रायफलींसाठी काढलेला एक कारखाना कामाच्या शोधात होता. त्याचा प्रतिनिधी १८९७ मध्ये अमेरिकेत आला, आणि ब्राउनिंग यांचे ७.६५ मिलिमीटरचे, म्हणजे .३२ मापाचे पिस्तूल त्याने पसंत केले. ते १९०० च्या सुमारास बाजारात आले. सात गोळ्या, चपटे अंग, बाहेर डोकावणारा घोडा नाही. रिव्हॉल्व्हराचे गोल पोट कोटावरून ओळखू येई; हे चपटे यंत्र पाकिटासारखे बसे. १९०३ साली अमेरिकेत कोल्ट कंपनीने त्यांचेच आणखी सुबक पिस्तूल काढले. १९०६ मध्ये तर एर्स्टालने अवघे साडेचार इंच लांब, तेरा औंस वजनाचे,.२५ मापाचे पिस्तूल विक्रीस ठेविले, ते जाकिटाच्या खिशात राही. फ्रेंच भाषेत 'ब्राउनिंग' हा शब्द पिस्तूल या अर्थाने रूढ झाला. यापेक्षा मोठे यश कारागिराला कोणते मिळावे? ब्राउनिंग यांचा अंत १९२६ साली त्या एर्स्टालच्याच कारखान्यात काम करीत असताना झाला.

पहिल्या महायुद्धापूर्वीच्या दहा वर्षांचा इतिहास या पिस्तुलाने कोरलेला आहे. १९०४ साली हेलसिंकीत रशियन गव्हर्नर-जनरल बोब्रिकोव्ह, १९०९ साली हार्बिनच्या स्टेशनवर जपानचे मुत्सद्दी इतो, आणि २८ जून १९१४ रोजी सारायेव्होत आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड व त्यांची पत्नी, हे सर्व ब्राउनिंगच्या वेगवेगळ्या नमुन्यांना बळी पडले. सारायेव्होचे पिस्तूल १९१० च्या नमुन्याचे, १९०७४ क्रमांकाचे होते.

या मालिकेतच नाशिकचे नाव येते. हिंदुस्थानात लिटनच्या अमदानीतील १८७८ च्या शस्त्रकायद्याने परवान्याखेरीज शस्त्र बाळगणे गुन्हा झाले होते आणि युरोपियनांना मात्र नियमांनी सूट होती. १८८७ च्या मद्रास काँग्रेसने त्या कायद्याविरुद्ध ठराव केला तो या अपमानामुळे. इकडे खुद्द लंडनात पोस्टाच्या खिडकीवर दहा शिलिंग भरून परवाना मिळे आणि दुकानात जाऊन पिस्तूल घेता येई. मदनलाल धिंग्रा यांनी तेथेच दुकानातून कोल्ट घेतले, आणि १ जुलै १९०९ रोजी कर्झन वायली यांच्यावर ते चालविले. मायदेशी ज्या माणसाला चाकरीच्या गावीही बंदूक मिळणे कठीण, त्याला साम्राज्याच्या राजधानीत ती काउंटरवर मिळत होती! त्याच वर्षाच्या आरंभी विनायक दामोदर सावरकर यांनी इंडिया हाउसातील चतुर्भुज अमीन यांच्या पेटीच्या खोट्या तळात वीस ब्राउनिंग पिस्तुले दडवून मुंबईस पाठविली. त्यांपैकी एक अनंत लक्ष्मण कान्हेरे यांच्या हाती आले. कान्हेरे अठरा वर्षांचे. निजामच्या राज्यात औरंगाबादेस शिकत होते. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सन यांच्या निरोपादाखल 'शारदा' नाटकाचा प्रयोग होता. जॅक्सन संस्कृतचे जाणकार, मराठी बोलणारे अधिकारी. ते आत येत असता कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना फाशी झाली. पिस्तुलांचा माग लंडनपर्यंत लागला, आणि सावरकरांवरील शिक्षेचा एक आधार तीच पिस्तुले झाली. शस्त्र न दिसण्याइतके लहान नसते तर ते ना पेटीच्या तळात मावते, ना नाटकगृहाच्या दारातून आत जाते. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत गांधीजींच्या हत्येस वापरलेले पिस्तूलही या घराण्यातलेच. इटलीतील बेरेटा कारखान्याचे, आणि ते ग्वाल्हेरात मिळविले होते असे खटल्यात पुढे आले.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात हत्यार बाळगणारा साध्या वेषातला पोलीस हा कारखानदारांचा मुख्य गिऱ्हाईक झाला. अमेरिकेत १९२७ मध्ये कोल्टने दोन इंची नळीचे सहा गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर याच वर्गासाठी काढले. जर्मनीत वाल्थर कारखान्याने १९२९ साली एक जुनी गाठ सोडविली. स्वयंचलित पिस्तूल खिशात ठेवताना तोवर दोनच मार्ग होते: घोडा चढवून ठेवावा आणि जीव मुठीत धरावा, अथवा नळी रिकामी ठेवावी आणि ऐन वेळी दोन्ही हातांची कसरत करावी. वाल्थरच्या पिस्तुलात नळीत काडतूस असूनही घोडा उतरवून निर्धास्त राहता येई, आणि पहिली गोळी नुसता चाप लांब ओढून सुटे. नळी भरलेली आहे की रिकामी हे अंधारात अंगठ्याने चाचपून कळावे म्हणून मागे एक बारीक खुंटीही ठेविली होती. त्याच पिस्तुलाचा आखूड नमुना पुढे कादंबरीमुळे घरोघर पोचला. १९५६ साली जेफ्री बूथरॉइड या शस्त्रांच्या अभ्यासकाने इयन फ्लेमिंग यांना पत्र लिहिले, की तुमचा नायक जे .२५ चे बेरेटा वापरतो ते स्त्रियांच्या बटव्यात शोभणारे आहे. त्यांची स्वतःची शिफारस स्मिथ आणि वेसनच्या झाकल्या घोड्याच्या रिव्हॉल्व्हराची होती, तेच 'लिंबूपिळणी'चे नवे भावंड. फ्लेमिंग यांनी सल्ला मानला, पण नायकाच्या हाती १९५८ च्या 'डॉक्टर नो'मध्ये दिले ते वाल्थर. जाणत्याने सुचविलेल्या हत्यारापेक्षा देखणे हत्यार निवडण्याची ही खोड कादंबरीकारांपुरतीच नाही, हे कोणीही दुकानदार सांगेल.

पुढची हकिकत बहुतांशी अमेरिकेची आहे. १९११ साली न्यूयॉर्कने सलिव्हन कायद्याने छुप्या पिस्तुलाला परवाना लावला, आणि अनेक राज्ये त्याच वाटेने गेली. १९८७ मध्ये फ्लॉरिडाने उलट दिशा धरली: ठरावीक अटी पुऱ्या करणाराला परवाना द्यावाच लागेल. एकामागून एक राज्यांनी हे अनुकरण केले, आणि जून २०२२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कची 'खास गरज' दाखविण्याची अटही रद्द केली. आता निम्म्याहून अधिक राज्यांत परवान्याचीच गरज नाही. कारखान्यांना वळण लागले ते मात्र एका निर्बंधाने. १९९४ च्या संघीय कायद्याने दहाहून अधिक काडतुसांच्या नव्या पेट्या विकण्यास दहा वर्षे मनाई केली. दहाच गोळ्या ठेवावयाच्या तर मोठे पिस्तूल कशाला, असा विचार करून कारखानदारांनी पूर्ण ताकदीच्या ९ मिलिमीटर काडतुसाची लहान पिस्तुले घडविण्याचा सपाटा लावला. मनाई २००४ मध्ये संपली. लहान पिस्तुले राहिली. २०१८ मध्ये निघालेल्या सिग कंपनीच्या नमुन्यात काडतुसे दोन ओळींत दाटून बसविली आहेत. ब्राउनिंगच्या १९०० च्या पिस्तुलाहून ते आखूड, तरीही पेटीत दहा गोळ्या, आणि गोळीचा जोर कितीतरी अधिक.

भारतात १८७८ च्या कायद्याची जागा १९५९ च्या शस्त्रकायद्याने घेतली. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. वर्णभेद गेला, परवाना राहिला. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. ९ मिलिमीटरसारखी लष्कर-पोलिसांची मापे सामान्य परवान्यावर मिळत नाहीत, म्हणून येथील परवानाधारकासमोर बहुधा .३२ हेच माप उरते. १८९९ च्या सुमारास ब्राउनिंग यांनी ज्याचा पाया घातला ते माप युरोपात जवळजवळ जुनेपुराणे झाले. कायद्याच्या कृपेने भारतात ते टिकून आहे. दिल्लीच्या डिसेंबर २०१२ मधील अत्याचारानंतर कानपूरच्या सरकारी तोफखान्याने जानेवारी २०१४ मध्ये 'निर्भीक' नावाचे .३२ चे रिव्हॉल्व्हर स्त्रियांसाठी म्हणून विक्रीस काढले. वजन सुमारे पाचशे ग्रॅम. ब्राउनिंगच्या १९०६ च्या जाकिटातल्या पिस्तुलापेक्षा दीडशे ग्रॅमच्या आतबाहेर जास्त. किंमत एक लाख बावीस हजारांच्या वर, शिवाय पोलिसांकडील चौकशी आणि परवान्याचे अर्ज. उशिरा सुटणाऱ्या बसमधून रोज घरी परतणाऱ्या मुलीच्या वर्षभराच्या पगारालाही ते परवडणारे नव्हते, ही टीका तेव्हाच झाली. पर्समध्ये मावेल असे हे रिव्हॉल्व्हर दुकानात ठेवले जाई ते दागिन्यांच्या डब्यासारख्या तांबूस पेटीत.